बाबांच्या टेम्पोच्या परवान्याबाबत

आदरणीय दादांस,

तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा वाकून नमस्कार. वहिनींची पाठ आता कशी आहे? तुमच्या पोटाची तक्रार मिटली असेल अशी आशा करतो. (मिटली नसेल तर हे पत्र जेवणाच्या आधी वाचू नका, नंतरही नको.) इकडे सगळे सुखरूप आहेत, म्हणजे दवाखान्यात कोणी नाही. कोण कोणाशी बोलतं हा वेगळा विषय. मी बाबांचा टेम्पो जप्त केला ही बातमी तुमच्यापर्यंत निरनिराळ्या तोंडांनी पोचली असेलच. माझ्या तोंडून ती अजून कोणी ऐकलेली नाही, म्हणून लिहितो.

घरपट्टीतून माझी परवाना विभागात बदली झाली तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद बाबांना झाला होता. जावई आता टेबलामागे बसणार, उन्हात फिरणार नाही, असं ते टेम्पो थांबवून थांबवून लोकांना सांगत होते. विभागात तेव्हा काम नव्हतं. कचरा आणि भंगार कोणीही कशातही भरावं आणि कुठेही न्यावं, अशी रीत होती. मग शाळेमागच्या ओढ्यात कोणीतरी फुटक्या काचा आणि दवाखान्यातल्या सुया ओतून गेलं. एका मुलीचा पाय चिरला, टाके पडले. कोणी ओतलं ते शेवटपर्यंत कळलं नाही, कारण कुठल्याच गाडीवर ना नाव ना क्रमांक. त्यावर नियम आला. कचरा वाहणाऱ्या प्रत्येक गाडीला परवाना हवा, गाडीवर क्रमांक हवा, वर ताडपत्री हवी, माल कुठे रिकामा केला त्याची पावती हवी, आणि चालवणाऱ्याची तपासणी हवी. नियम चांगला आहे, दादा. फक्त तो राबवणाऱ्याचे सासरे टेम्पो चालवत नसावेत.

बाबांचं म्हणणं असं की नियम कचऱ्याचा आहे आणि ते कचरा नेतच नाहीत. लोकांच्या दारात असतो तोवर तो कचरा, टेम्पोत चढला की ते सामान. पुठ्ठा गिरणीत जातो, बाटल्या काचवाल्याकडे, देठं आणि सालं खताच्या खड्ड्यात. मग कचरा राहिला कुठे? मी म्हटलं, बाबा, नियमात कचऱ्याची व्याख्या दिली आहे. ते म्हणाले, "असेल. ती माझ्या टेम्पोत कधी बसलेली नाही." तुमच्या बहिणीने माझ्यासमोरचं ताट उचललं. (माझं जेवण व्हायचं होतं.)

बाकीचे टेम्पोवाले वाट बघत होते. त्यांच्यातला एक भोंगा म्हणून ओळखला जातो, आवाजामुळे. तो माझ्या टेबलाशी आला आणि चक्क हळू आवाजात बोलला, तेव्हाच मी समजलो की प्रकरण गंभीर आहे. "साहेब, ज्या दिवशी तुमच्या घरचा टेम्पो रांगेत लागेल, त्याच दिवशी आमचेही लागतील." दुसऱ्या दिवशी सकाळी शिपायाला घेऊन मी चौकात उभा राहिलो. बाबांचा टेम्पो आला. मी रस्त्याच्या मधोमध जाऊन हात वर केला. टेम्पो थांबला नाही, हळूसुद्धा झाला नाही. मी फुटपाथवर उडी मारली (उडी कसली, पडलोच), शिपायाने शिट्टी फुंकली, तेव्हा पुढे भाजीवाल्यापाशी जाऊन बाबा थांबले. सासऱ्याने जावयाला उडवायला काढलं होतं, असं अख्खा चौक म्हणाला. मलाही तसंच वाटलं. कोपर सोललेलं असताना माणूस फार खोल विचार करत नाही. टेम्पो कार्यालयाच्या आवारात नेऊन लावला.

मग बाबांच्या गल्ल्यांमध्ये पिशव्या साचू लागल्या. लोक त्या घेऊन थेट माझ्याकडे यायला लागले. एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी ओला डावीकडे आणि सुका उजवीकडे असा माझ्या खुर्चीच्या दोन्ही अंगांना ठेवला आणि मिश्र करू नका म्हणून बजावलं. आमच्या साहेबांनी मला खिडकीजवळची जागा दिली. वाऱ्याची दिशा बघूनच दिली.

शेवटी बाबा आपणहून आले. इस्त्रीचा सदरा, भांग पाडलेला. रांगेत उभे राहिले (भोंगा आणि बाकीचे टेम्पोवाले बघायला आले होते), आणि नंबर आल्यावर मला "साहेब" म्हणाले. दादा, त्यांनी शिवी दिली असती तर मी ती आनंदाने घेतली असती. टेम्पोची तपासणी पार पडली; ब्रेक, दिवे, ताडपत्री, सगळं उत्तम. राहिली डोळ्यांची. आवाराच्या टोकाला आमच्या तक्रार विभागाच्या फोनचा फलक आहे, तोच आम्ही वाचायला सांगतो. बाबांनी तो नंबर घडाघडा म्हटला, एकही आकडा चुकला नाही. पण तो फलक रंगवायला काढला होता. त्याच्या जागी दुसरा लावला होता आणि त्यावर आकडाच नव्हता. 'येथे वाहने धुऊ नयेत', एवढंच.

कोणी हसलं नाही. भोंग्याने मान खाली घातली, हे मी त्याच्या बाजूने नोंदवतो. सगळे गप्प झाले त्यावरून बाबांना कळलं. त्यांनी मला हळूच विचारलं, "काय लिहिलंय तिथे?"

मी सांगितलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "धुतलं की पाणी रस्त्यावर येतं." मग म्हणाले, "लिहा जावईबापू, खरं ते लिहा. त्या पोरीचा पाय काचेवर पडला. उद्या माझ्या चाकाखाली कोणाचा आला म्हणजे?"

मी 'अपात्र' लिहिलं. चौकात त्यांनी मला उडवायला काढलं नव्हतं, दादा. मी त्यांना दिसलोच नव्हतो. हे कळल्यावर मला बरं वाटायला हवं होतं.

घरी मी सगळं सांगितलं. तुमच्या बहिणीने ऐकून घेतलं, कपाटातून स्वतःचं ड्रायव्हिंग लायसन्स काढलं आणि दुसऱ्या दिवशी रांगेत येऊन उभी राहिली. मालक बाबा, चालक ती. (बायकोची तपासणी मला करता येत नाही. साहेबांनी केली आणि नंतर माझ्याकडे बराच वेळ सहानुभूतीने बघत बसले.) आता रोज सकाळी ती टेम्पो चालवते आणि बाबा शेजारी बसून कुठल्या दारात काय असेल ते सांगतात. त्याच आठवड्यात भोंग्यासकट बाकीच्यांचे टेम्पोही रांगेत लागले. मागच्या मंगळवारी तिच्या ताडपत्रीचं एक टोक सुटलेलं दिसलं म्हणून मी टेम्पो अडवला आणि रीतसर दंड केला. ती थांबली, एवढं समाधान. त्या दिवसापासून माझ्या चहाच्या कपावर बशी उपडी घातलेली असते. उघडा माल नियमात बसत नाही, असं ती म्हणते.

वहिनींना नमस्कार सांगा, मुलांच्या पाठीवरून माझा हात फिरवा. प्रकृतीला जपा.

तुमचा,
(सध्या खिडकीजवळचा) मेहुणा

ता. क. – पत्र लिहिण्याचं खरं कारण राहिलंच. बाबांचा मोतीबिंदू पिकला आहे. ऑपरेशन सोपं आहे, असं डॉक्टर म्हणतात. पण मी म्हटलं तर ते सरकारी वाटतं, आणि लेकीला ते बोलूच देत नाहीत. तेव्हा तुम्हीच त्यांना बोलावून घ्या. माळ्यावर जुनं सामान फार झालंय, कोणाला निवडता येत नाही, असं काहीतरी कळवा. लगेच निघतील. तिथे पोचले की तुमच्या डॉक्टरांकडे न्या. मी सुचवलं हे कळू देऊ नका.

आणखी ता. क. – पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात बाबा आले आणि मोठ्याने वाचा म्हणाले. वाचलं. वरचा ता. क. तेवढा गाळला. ते म्हणाले, "गाळलंत तेही वाचा." वाचलं. मग त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो: "त्याला कळवा, माळ्याचं नाटक नको, तारीख कळव. मी येतो. पण एका वेळी एकच डोळा. दुसरा जावयावर ठेवायला लागतो."