भैरवीचा मान

पोशीर,
ता. १८ फेब्रुवारी १९६७

चि. मोरूस गोदाताईचा आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. इकडे सगळी खुशाल. वालाला शेंगा बऱ्या धरल्यात. म्हैस आटली. आबांचा खोकला कमी आहे, कान मात्र आता पुरते गेले. शेजारी ढोल बडवला तरी मान वळत नाही.

चौक गावी भरलेल्या पेटीवाल्यांच्या मेळ्यात आबांनी सभा जिंकली, टाळ्या थांबेनात, असं गजाभाऊंनी तुला कळवलं म्हणतोस. होणारे सासरे म्हणून त्यांना भेटायला जाणार आहेस. आधी हे वाच, मग जा.

दरवर्षीसारखे कर्जत-खालापुरातले भजनी पेटीवाले देवळात जमले होते. शेवटच्या भैरवीचा मान आबांचा. निम्म्यांना पेटी त्यांनीच शिकवलेली, गजाभाऊंनासुद्धा. पण कान गेल्यापासून आबा तबल्याच्या पुढे पळतात. जेवणं उरकली तेव्हा गजाभाऊ मंडळाच्या पायपेटीमागे वाकून काही खटपट करत होते. मी विचारलं, तर हसले.

"भात्याचा पट्टा सोडलाय, हवाच भरायची नाय. म्हातारा वाजवंल आन् आपल्या कानांना तरास नाय. तू गप मजा बघ गं."

आबा बसले. टोपी नीट केली, पेटीला हात जोडले आणि पाय चालवू लागले. सूर एक नाही. नुसती पट्ट्यांची टकटक. तबलजी तबल्याला न शिवता हात नाचवत होता. पोशीरचाच धाकलू "वाऽ बुवा!" म्हणून मान डोलवी, बाकीचे तोंडात उपरणं कोंबून हसत. आबा डोळे मिटून सगळी भैरवी वाजवत राहिले. संपली तशा टाळ्या अशा कडाडल्या की आढ्यावरची कबुतरं उडाली. गजाभाऊंनी नारळ दिला, वर पाया पडले.

मी काही बोलले नाही. तुझी सोयरीक डोळ्यांपुढे होती.

काल पाटीवर लिहून आबांना विचारलं, पुढल्या मेळ्याला जायचं ना?

"कशाला?" म्हणाले. "पाय ठेवला तवाच कळलं, भाता पोकळ हाय."

मी लिहिलं, मग उठला का नाहीत?

"उठलो असतो तर मोरूचं लगीन मोडलं असतं. त्याला सांगू नको."

मी पाटी पुसायला घेतली. त्यांनी माझं मनगट धरलं.

"त्यांचं सोड गं. मी डोळं उघडलं, तवा तू पन टाळ्या वाजवत व्हतीस. हसत व्हतीस. तू का?"

मी मनगट सोडवलं, मोरू, आणि चुलीपाशी जाऊन बसले. आज सकाळपासून ते माझ्या हातची भाकर खातात, पण माझ्याकडे बघत नाहीत.

सांगू नको म्हणाले, तरी तुला सांगितलं. लग्नाचं काय ते तू ठरव. माझं मत विचारू नकोस, तो हक्क मी चौकच्या देवळात घालवून बसले.

आबांची लेक म्हणवायला लाजणारी,
गोदा