मुंगसासाठी ठेवलेली फट

१ मार्च १९४४, पिरनवाडी
कॅम्पातली कारकुनी संपली, पेन्शन लागली. आजपासून रोजनिशी आणि परसबाग. वांगी, भेंडी, दोडका लावला. सौ. जया विषमज्वरातून उठली, पण अंगात काही उरलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, रोज दोन अंडी दुधातून पोटात गेली पाहिजेत, नाहीतर काही खरं नाही. घरच्या पाच कोंबड्या आहेत. काळजी मिटली.

३ मार्च
सौ. रोज संध्याकाळी कोंबड्या चुलीपाशी डालग्याखाली झाकते. अडाणीपणा! पोल्ट्रीवरचं इंग्रजी पुस्तक मिळवलं. त्यात व्हेंटिलेशनवर अख्खा चॅप्टर आहे. बागेत लाकडी खोकं ठेवलं, त्याला वीतभर खिडकी. सौ. कॉटवरूनच म्हणाली, "आवो, डालगंच बरं हाय." आजारी माणसाशी मी वाद घालत नाही.

८ मार्च
उठल्या उठल्या मुंगसाचं तोंड दिसलं. उत्तम शकुन! साप फिरकणार नाही आणि सौ.ही उठून बसेल. तिला तसं सांगितलं. "व्हय का," म्हणाली.

११ मार्च
एक कोंबडी गेली. पिसं भेंडीच्या वाफ्यात. कोल्हाच. शेजारच्या भरमूनं पिसं उलटीपालटी करून पाहिली. म्हणाला, "अण्णा, ह्यो कोल्हा न्हाय. मुंगूस हाय." भरमू चौथी नापास आहे.

१४ मार्च
बोराटीचं कुंपण घातलं, छातीइतकं. हात रक्तबंबाळ. आता कोल्ह्याचा बापही येणार नाही. तळाशी एक फट मात्र मुद्दाम ठेवली. मुंगसाची रोजची वाट बंद केली तर शकुन व्हायचा कसा?

१७ मार्च, सकाळी ६
मुंगूस दिसलं. दिवस चांगला जाणार.

सकाळी ७
दोन कोंबड्या गेल्या. अंडी फुटलेली. कोल्हा उडी मारून आला असणार. कुंपण वाढवतो.

२१ मार्च
कुंपण पुरुषभर उंच केलं. वांग्यांना ऊन मिळेना, माना टाकल्यात. चौथी कोंबडी गेली. पाचवी सौ.नं मागून घेतली आणि कॉटखाली डालग्यात ठेवली. तिच्याशी बोलत असते. माझ्याशी कमी.

२५ मार्च, पाडवा
नव्या वर्षाचा संकल्प: शिस्त. आजारी माणसाच्या खोलीत कोंबडीची घाण नको. कोंबडी परत खोक्यात. सौ. रडली. "येवढी एक तरी ऱ्हाऊ द्या," म्हणाली. पण सकाळीच मुंगूस गुढीखालून गेलं होतं. यापेक्षा चांगला दिवस कुठला?

२६ मार्च
पिसं.

२ एप्रिल
बाजारात अंडं नाही. सगळी पलटणीला जातात. सौ. नुसतं दूध घेत नाही, पेला तसाच पडून असतो. उद्या खानापूरकडून नक्की आणतो असं सांगितलं.

४ एप्रिल
काल भेंडीला पाणी घालण्यात दिवस गेला. उद्या नक्की.

१५ एप्रिल
आज जयाचा दहावा. पिंड ठेवला. कावळे आले, बसले, पण शिवेनात. मी एकेक कबूल करत गेलो. घर सांभाळीन. तुळशीला पाणी घालीन. बाग वाढवीन. ऊन चढलं, माणसं चुळबुळ करू लागली. भरमू कानाशी येऊन म्हणाला, "अण्णा, खरं काय ते सांगा की वैनीस्नी."

सगळ्यांदेखत सांगितलं. जया, मुंगूसच होतं. फट मीच ठेवली होती.

कावळा लगेच शिवला.

घरी येऊन फट दगडांनी बुजवली. आत राखण्यासारखं काही नाही.