चार्जर दानात नव्हता

श्री मंगलागौरी प्रसन्न
वाराणसी

चि. सौ. इंदू हिला लीलाताईचे पोटभर आशीर्वाद.

तुझा गुडघा काय म्हणतो? तेल चोळतेस ना, की बाटली उशाशी ठेवून नुसतं तिच्याकडे बघतेस? साताऱ्याला सगळे खुशाल असतील असं धरून चालते. मी ठीक आहे. जेवते, झोपते, मंगलागौरीला जाऊन येते, कोणी विचारलं की ‘बरी आहे’ म्हणते. फोनच केला असता, पण फोनवर आधी तू रडतेस, मग मी रडते, आणि मुद्दा राहून जातो. आज मुद्दा आहे, म्हणून पत्र.

तुझ्या भावोजींचा तो छोटा लॅपटॉप तुला आठवत असेल. (पंचांगाएवढा. ‘झाकण उघडलं की आत कुंकू असेल’ म्हणाली होतीस.) शाळेतून रिटायर झाल्यावर ह्यांनी तो घेतला, कारण म्हणे वजनाला काहीच नाही, झोळीत टाकून पंचगंगा घाटावर नेता येतो. वजनाला नव्हता खरा, पण घरात त्याचं वजन माझ्यापेक्षा जास्त होतं. त्याची बटणं वालाच्या दाण्याएवढी आणि ह्यांची बोटं जाडजूड. एक दाबलं की तीन अक्षरं उमटायची, आणि बोलणी मात्र मी खायची, कारण मी हाक मारून लक्ष उडवलं. घाटावर एकदा माकडाने तो पळवला, गच्चीच्या कठड्यावर बसून उघडून पाहिला, आणि त्यालाही काही कळेना म्हणून केळ्यांच्या बदल्यात परत दिला. तेव्हापासून हे तो लाल फडक्यात बांधून नेऊ लागले. मग यात्रेकरू पोथी समजून नमस्कार करायचे. एका बाईने तर वर झेंडूचं फूल वाहिलं, आणि ह्यांनी तिला आशीर्वाद दिला. (खोटं बोलले नाहीत, नुसता हात वर केला.) मी त्याला सवत म्हणायचे, आणि ते अगदीच थट्टेने नव्हे.

दिवेलागणीला हे त्याला घेऊन माडीवर बसायचे आणि मी खाली स्वयंपाकघरात. रोज त्या वेळी वरून आवाज यायचा, ‘लीला, गोळी घेतलीस का? आणि गॅस बंद केलास का बघ.’ मी खालूनच ‘घेतली हो’ म्हणून ओरडायचे. पुढे वरून काही नाही. मला वाटायचं, ह्यांचे कान गेले. रोज तेच शब्द, त्याच सुरात. पण जन्मभर पोरांकडून पाढे म्हणवून घेतलेला माणूस, दुसरं काय बोलणार?

हे गेले तेव्हा दहाव्याला पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. सगळे म्हणाले, पुण्यवान माणूस, मागे काही इच्छा राहिली नाही. मला मात्र राग आला, इंदू. एवढा संसार केला, माझ्यासाठी थोडं तरी अडायचं होतं. तो राग मनात होताच. शय्यादानाच्या वेळी गोपीनाथगुरुजी म्हणाले, त्यांना जे प्रिय होतं ते द्यावं. मी उठले आणि गादी, छत्री, चपलांच्या शेजारी लॅपटॉप नेऊन ठेवला. विश्वजीत ‘आई, अगं’ म्हणेपर्यंत हातावरून पाणी सुटलंसुद्धा. सवत दान केली आणि मोकळी झाले, असं मला वाटलं.

गुरुजींची मैत्रेयी कॉलेजात जाते. तिने हौसेने तो चालू केला. (पासवर्ड ह्यांनी झाकणावरच चिकटवून ठेवला होता.) आणि दिवेलागणीला गुरुजींच्या घरात हे बोलले. गुरुजींच्या बायकोच्या हातून पिठाची परात पडली. अर्ध्या काशीची श्राद्धं केलेले गुरुजी रामरक्षा म्हणत देवघरात शिरले, आणि तिथून थेट माझ्या दारात. ‘काकू, कावळा तर शिवला होता! मग नीलकंठराव गॅस बंद करायला का सांगताहेत?’

उलगडा मैत्रेयीने केला. ह्यांनी आपला आवाज भरून ठेवला होता, रोज ठरल्या वेळी आपोआप वाजेल असा. म्हणजे हे वर घोरत असायचे आणि सवत माझी काळजी घ्यायची! मी आधी खूप हसले. मग गुरुजींच्या ओसरीवर बसून जी रडले, तशी सुतकातसुद्धा रडले नव्हते.

आता दिलेलं दान मला परत मागता येत नाही, आणि घेतलेलं त्यांना परत करता येत नाही. पण चार्जर आमच्याकडे फडताळातच राहिला होता. त्याचं तोंड काही निराळंच, दुसरा बाजारात मिळेना. गुरुजी म्हणाले, ‘काकू, गाय दिलीत आणि चारा ठेवून घेतलात.’ मी म्हटलं, चार्जर संकल्पात नव्हता. तेव्हापासून रोज तिन्हीसांजेच्या आधी चार्जर पदराखाली घेऊन त्यांच्याकडे जाते, लावते आणि बसून राहते. आवाज येतो. गुरुजींची बायको उठून गॅस बघून येते. (एकदा खरंच चालू राहिला होता.) मी ‘घेतली हो’ म्हणते, चार्जर काढते आणि घरी येते. विश्वजीत फोनवर म्हणाला, मोबाइलवर उतरवून देतो, हवं तेव्हा ऐक. अगं, मी बटण दाबून ऐकायचं म्हणजे मीच मला हाक मारायची. मला ती न मागता यायला हवी.

बाकी सर्व क्षेम. जिना धरून उतरत जा. घरातल्या लहानमोठ्यांना जसं ज्याला शोभेल तसं सांग.

तुझी,
लीलाताई

ता. क. विश्वजीत दिवाळीला येतोय. लॅपटॉप पुसून अगदी कोरा करून देतो, असं त्याने गुरुजींना कबूल केलंय. मैत्रेयीला अभ्यासाला होईल आणि आईचं रोजचं जाणं थांबेल म्हणे. तो तुझ्याकडे वाढला, तुझं ऐकतो. त्याला सांग, बाकी सगळं पुस, तो एक आवाज राहू दे. मैत्रेयीची हरकत नाही, मी विचारलंय. मी सांगितलं असं मात्र म्हणू नकोस, त्याला वाटेल आई खुळावली.

पुन्हा ता. क. माझ्या गोळीची काळजी करू नकोस. ती डॉक्टरांनी मागच्या वर्षीच बंद केली. हे तेव्हा माझ्या शेजारीच बसले होते. घरी आल्यावर उरलेल्या गोळ्या ह्यांनीच टाकून दिल्या. त्या संध्याकाळीही माडीवरून हाक आली, आणि मी खालून ‘घेतली हो’ म्हटलं.