ज्याची सही, त्याची जागा

३ मार्च, सोमवार
आज विमानदुरुस्तीच्या हँगरमध्ये रुजू झाले. खोली लहान पण स्वच्छ, खिडकीतून धावपट्टी दिसते. आईला फोनवर तेवढंच सांगितलं. आमच्या हेड मेकॅनिकला सगळे मास्तर म्हणतात. लॉकरवर जुन्या नावपट्टीची दोन भोकं होती. माझी पट्टी त्यांनी स्वतः ठोकून दिली. आधी कोण होतं, विचारलं, तर कुणालाच आठवेना. इथला रिवाज असा: दुरुस्तीच्या कागदावर ज्याची सही, त्यानं चाचणी उड्डाणात बसायचं. मला तो पटला. सही करताना हात आपोआप सावध होतो.

९ मार्च
मास्तर नट अंदाजानं आवळतात, जोर मोजणारा पाना वापरतच नाहीत. त्या कामावर मी सही केली नाही. ते हसले. म्हणाले, पोरगी नाकानं कांदे सोलते.

१३ मार्च
चार दिवस कुणी बोलत नाही. मी आले की गप्पा बंद. शिफ्ट बदलताना काय झालं, काय राहिलं, ते समोरासमोर सांगायचं असतं. माझ्या हातात नुसती वही कोंबतात.

१६ मार्च
शेपटीच्या बिजागरीचे चार बोल्ट बसवले. नट फिरून सुटू नयेत म्हणून घालायच्या चार पिना राहिल्या, तोवर शिफ्ट संपली. लाल फितीला बांधून पिना तिथंच लटकवल्या, मास्तरांना तोंडीही सांगितलं. घालतो म्हणाले. चहा पाजला. किती दिवसांनी कुणी नीट बोललं!

१७ मार्च
फीत नव्हती. बिजागरीवरचं झाकण बंद. उघडून बघते म्हटलं, तर मास्तरांचा चेहरा उतरला.
"बापासारखा आहे मी तुला. माझ्यावरही विश्वास नाही?"
सही केली. न बघता. मी.

१८ मार्च
चाचणी. मास्तरही शेजारी बसणार होते. जिन्याशी पिशवी दिली. आत खाऊ आहे, वर गेल्यावर उघड, आलोच — आणि दार लागलं. खाली सगळे उभे. एकही हात हलत नाही.

उडालो. शेपटीकडून टकटक —

पिशवीत लाल फीत. चार पिना. चारही.
तळाशी दोन नावपट्ट्या. एक गंजलेली. दुसरी माझी —

वैमानिकाचं दार वाजवतेय. उघडत नाही. आत रेडिओवर मास्तर. शांत आवाज. नवी आहे, घाबरते, लक्ष देऊ न