पेंढ्याच्या ट्रॉलीचा पत्रा

बाबा, तू गेल्याला पंचवीस वर्षं होऊन गेली आणि मी आज तुला ट्रॉलीबद्दल लिहायला बसलेय. हसशील. म्हणशील, पोरीला दुसरं काय सुचलं नाय. पण माझ्या छातीवर जे बसलंय ते तेच आहे, त्याला मी काय करू?

बोनकोड्याची आपली शेती टाउनशिपमध्ये गेली तरी तुझा भाताशी संबंध सुटला नाही. पनवेलच्या पुढच्या गावांतून तू पेंढा आणायचास आणि वाशीच्या फळबाजारात द्यायचास, आंब्याच्या पेट्यांत घालायला. एरवी त्याच ट्रॉलीत मिठाच्या गोणी. तळाच्या फळ्या कुजल्या तेव्हा नवा तळ लोखंडी पत्र्याचा घालायचा की अल्युमिनियमचा, यावर आपण दोघं आठवडाभर भांडलो. मी तेव्हा मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला, गावातली पहिली पोरगी, त्यामुळे अक्कल पाजळायची एक संधी सोडत नव्हते. खाडीच्या हवेत लोखंडाची चाळण होते, अल्युमिनियम गंजत नाही, वजनाला हलकं, तुझ्या म्हाताऱ्या ट्रॅक्टरला पेंढ्याचा एक थर जास्त ओढता येईल. आई भाकऱ्या थापत होती, ती म्हणाली, "दोघा जना त्या पत्र्यावरच संसार मांडा." तू तिच्याकडे लक्ष न देता मला म्हणालास, "गो पोरी, लोखंड गंजतं ता दिसतं तरी. तांबडं होतं, पापुद्रं सुटतात, सांगून मरतं. तुजा ह्यो पांढरा पत्रा काय सांगल?" मी म्हणाले, "बाबा, तो मरणारच नाही, तर सांगेल कशाला?" केवढी हसले होते मी स्वतःच्याच विनोदावर!

शेवटी माझंच चाललं. तुर्भ्याच्या एका वर्कशॉपमध्ये मोडीत निघालेल्या बंद बॉडीच्या ट्रकचे जाड अल्युमिनियमचे पत्रे मिळाले. बोल्ट साधेच मारू का, असं मिस्त्रीने विचारलं, तर तू माझ्याकडे बोट दाखवलंस. "पोरीला इचार. शिकलेली हाय ती." असं म्हणताना तुझी मान जी ताठ झाली ना, ती मला अजून दिसते. आणि मी म्हणाले, साधेच मारा, लोखंडी. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून असले आणि मध्ये खारं पाणी गेलं, की अल्युमिनियम खाल्लं जातं, हे मी परीक्षेत आकृतीसकट लिहिलं होतं, मार्कही पूर्ण मिळवले होते. मध्ये रबराचे वायसर घातले असते तरी निभावलं असतं. पण तो धडा पुस्तकातला होता आणि ट्रॉली आपल्या घरची.

दोन वर्षांनी बोल्टांभोवती पांढरी भुकटी दिसायला लागली. मिठाची ट्रॉली, पांढरं दिसलं तर मीठच, असं सगळ्यांनाच वाटलं. तू मात्र मिठागरात वाढलेला. बोट फिरवून जिभेला लावलंस आणि थुंकलास. "ह्या मीठ नाय. खारट लागत नाय." मी नुकतीच कामावरून आले होते, नवी नोकरी, नवा तोरा. म्हणाले, "माती मिसळली असेल, बाबा. उगाच टेन्शन घेऊ नकोस." तू आत गेलास तशी मीही बोट लावून चाखलं. खारट नव्हतं. उद्या बघू म्हणून मी हात धुतले आणि जेवायला बसले. मग ते राहून गेलं. पंधरा दिवस राहून गेलं.

फळबाजारात भर दुपारी तू पेंढ्यावर उभा राहून दोर सोडत होतास. मागच्या कोपऱ्याचा पत्रा बोल्टांतून फाटून लटकला, माल कलला आणि त्याच्याबरोबर तू काँक्रीटवर आलास. मी धावत पोचले तोवर तुला नेलं होतं. ट्रॉलीखाली वाकून पाहिलं, तर पत्र्याच्या भोकांतून माझा अंगठा आरपार जात होता. हॉस्पिटलात काका विचारत होता, "कसा रं पडलास?" तू डोळे मिटूनच म्हणालास, "पाय सटाकला माजा. ट्रॉलीला काय नाय झाला." पायाखालचा पत्रा फाटलेला तुला कळला नसेल होय! मग डोळे उघडून माझ्याकडे पाहिलंस आणि विचारलंस, "जेवलीस का?" बाबा, तू मला शिव्या का नाही दिल्यास? एकदा "लावलेस ना दिवे" म्हणाला असतास, तर मी पाय धरून रडले तरी असते. तिसऱ्या दिवशी तू गेलास.

आई अजून तू सांगितलंस तेच खरं धरून बसलीय. तुझा विषय निघाला की चिडते. कालही सोसायटीतल्या बायकांसमोर म्हणाली, "चपला घालून पेंढ्यावर चढू नको, कितींदा सांगितला, पन आयकल तर ना! आपल्या हातानं गेला." तिला वाचून दाखवायचं ठरवूनच मी हे लिहायला घेतलं होतं. आत्ता ती वाल सोलता सोलता विचारतेय, एवढा काय लिवतेस गो? मी सांगितलं, वाण्याची यादी. आणि बाबा, काल ती तुला बोल लावत होती ना, तेव्हा मी "हो ना" म्हणाले.