अडीच गुणांची कव्हर

सिस्टर,

या महिन्याच्या चौदा तारखेला, रविवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी आमच्या क्रीडा मंडळाच्या खोलीत एका मुलीची किंमत अडीच ठरली. अडीच रुपये नव्हे, अडीच गुण. रुपये असते तर मला राग कमी आला असता, कारण रुपयांची बोली करताना माणसं निदान आवाज तरी खाली आणतात. वेळ मी भिंतीवरच्या घड्याळात पाहून ठेवली. माझी सगळी नोकरी टेलिफोन खात्यात गेली. तक्रार लिहायची तर आधी वेळ लिहायची, ही सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही.

तुम्हाला मुळापासून सांगायला हवं, कारण तुम्ही देवाघरी गेलात तेव्हा कबड्डी मातीतच होती. आता ती मॅटवर खेळतात आणि मुलींची जिल्ह्याची लीग भरते. प्रत्येक मंडळाला सारखेच गुण मिळतात. प्रत्येक खेळाडूला मागच्या मोसमावरून आणि मंडळांनी भरलेल्या रकान्यांवरून लीगचं ॲप, म्हणजे यंत्रातला कारकून, किंमत लावतं आणि त्या गुणांत आपला संघ बसवायचा असतो. पावसाळ्यात सामने बंद. मुली आपापल्या कामावर जातात आणि पुरुष मंडळी चहा पीत ठरवत बसतात की कोणती मुलगी कोणाला द्यायची आणि बदल्यात कोणती घ्यायची. जून लागला की मोबाइलवरच्या आमच्या गटात दुसरा विषय नसतो. मोबाइल म्हणजे खिशातला टेलिफोन. माझं खातं त्यानेच खाल्लं. गुहागरचा डावा कोपरा सुटणार म्हणे. दापोलीकडे चढाईवाल्या तीन झाल्यात, एकीला काढणार. लांज्याच्या मुलीचा गुडघा बरा झाला, भाव चढला. बायकोचं वय विचारलं तर ज्यांना आकाशाकडे बघावं लागतं, ते परक्या पोरींच्या पकडींची सरासरी दशांशात सांगतात. ही मुलींच्या संघाची समिती आहे, सिस्टर, आणि तिच्यात नऊ पुरुषांत मी एकटी बाई. उपाध्यक्षा. म्हणजे हार घालायला आणि बैठकीत चहा पुरला का ते बघायला.

तर त्या रविवारी आमचे प्रशिक्षक टॅब घेऊन उभे राहिले. मुलगा पस्तिशीचा, हुशार, मेहनती, वाईट नाही. म्हणाले, "खेडवाले त्यांची उंच चढाईवाली सोडायला तयार आहेत. चौदा गुण. आपण आपली डावी चढाईवाली द्यायची, अकराची. आणि वर उजवी कव्हर टाकायची. सौदा होतो."

"वर टाकायची म्हणजे?" मी विचारलं.

"गुण जुळायला, काकी. ती अडीचची आहे. अर्धा गुण ते सोडतायत."

मिरकरवाड्याला मासे घ्यायला गेलं की कोळीण वाटा लावते, आपण घासाघीस करतो, आणि शेवटी ती हात घालून दोन कोलंब्या वर टाकते, गिऱ्हाईक जाऊ नये म्हणून. तशी आमची कव्हर, कोपऱ्याच्या शेजारी उभी राहणारी. जिच्या जिवावर गेल्या मोसमात आमचा कोपरा जिल्ह्यात पहिला आला, ती. कोपऱ्यातली मुलगी पाय धरते हे सगळ्यांना दिसतं. पण तो पाय धरल्यावर चढाईवाली रेषेकडे झेपावते, तेव्हा खांदा घालून तिची वाट कोण बंद करतं? गुण मात्र आधी हात लावणारीच्या नावावर चढतो. हे मी समितीला समजावून सांगितलं. प्रशिक्षक म्हणाले, "मला माहितीये, काकी. ॲपला माहीत नाही."

"मग ॲपला शिकवा. शिकवण्याचंच मानधन घेता ना?"

"आणि शिवाय," त्यांनी टॅब माझ्यासमोर धरला, "तिचे मूळचे साडेपाच होते. पण लग्नाचं वय झालंय. लग्न झालं की मुली खेळ सोडतात, असा अनुभव आहे. म्हणून तीन वजा."

मी वाचलं. खरंच तसा रकाना होता, सिस्टर. गुडघ्याच्या दुखापतीच्या शेजारी लग्न.

आमच्या अध्यक्षांच्या पावस गावी हापूसच्या बागा आहेत. ते खुर्चीत मागे रेलून समजुतीच्या स्वरात म्हणाले, "बाई, आंबा वेळेत पेटीत भरायचा असतो. उशीर झाला की कॅनिंगला जातो. भाव आहे तोवर दिलेली बरी."

"तुमच्या मुलाचं लग्न गेल्या वर्षी झालं. तो मुलांच्या संघात खेळतो. त्याचे किती कापलेत?"

कोणीतरी हसलं आणि लगेच चहाच्या कपात तोंड घातलं. अध्यक्ष म्हणाले, "त्याचं वेगळं."

"काय वेगळं?"

"तो पुरुष आहे, बाई." अगदी मायेने म्हणाले, एखाद्या लहान मुलीला सूर्य कुठे मावळतो ते सांगावं तसं.

मला त्या क्षणी तुम्ही आठवलात. आमच्या स्वयंपाकघरात. मी आठवीत आहे, आई विळीवर बसून नारळ खवते आहे, आणि तुम्ही पांढऱ्या झग्यासकट आमच्या पाटावर बसला आहात, कारण मी तुमच्या शाळेच्या कबड्डीच्या संघात यायला आई तयार नाही. आखूड चड्डीत पोर मैदानात उतरणार म्हणजे वाडीत तोंड दाखवायला नको, असं तिचं म्हणणं. तुम्ही पिशवीतून गादीचं कापड काढलंत, निळ्या पट्ट्यापट्ट्यांचं, होस्टेलच्या जुन्या गाद्या उसवून धुतलेलं. "कापड माझं, शिवणार पण मी. गुडघ्याच्या खाली येईल. मग झालं?" तुमच्या मराठीत मंगळूरकडचा हेल होता आणि आई त्याला मनातल्या मनात हसत असे. ती म्हणाली, "गुडघे झाकले हो, पण फुटलेल्या ढोपरांच्या मुलीशी लग्न कोण करील?" तुम्ही म्हणालात, "माझ्याशी तरी कुणी केलं?" आई हसत सुटली, विळी बाजूला ठेवून हसली, आणि तुम्ही तेवढ्यात होकार घेऊन उठलात. आम्ही सातजणी त्या विजारी घालून मैदानात उतरलो की बाकीच्या शाळा ओरडायच्या, गाद्या आल्या, गाद्या आल्या. वर्गात इंग्रजीशिवाय शब्द काढला तर तुम्ही बाकावर उभं करायचात, पण त्या तांबड्या मैदानावर तुम्ही मराठीला मोकळीक दिली होती, आणि मला वाटतं मी खरी बोलायला तिथेच शिकले. मला तुम्ही कव्हरला उभं केलंत. साखळी धरताना बोटं धरायची नाहीत, मनगट धरायचं, बोटं सुटतात. हे मी आमच्या कव्हरला शिकवलं. तिला ते एकदाच सांगावं लागलं.

ती मुलगी मूळची संगमेश्वराकडच्या एका गावची. लोट्याला, खेडच्या बाजूला, कंपनीत पाळीवर काम करते, तिथेच दोघीतिघींत खोली घेऊन राहते. शनिवारी दुपारी एस.टी. धरून, मध्ये गाडी बदलून रत्नागिरीला येते, रात्री माझ्याकडे जेवते, झोपते आणि रविवारी हॉलमधल्या सरावाला जाते. त्या रविवारी सराव आटोपून ती माझ्या आधी घरी पोचली होती आणि बांगडे तळत होती. मी चप्पल काढता काढता सगळं सांगून टाकलं, रकान्यासकट आणि कोलंबीसकट.

आधी ती हसली. "माझं लग्न? कुणाशी, तेपण ॲपनेच ठरवलानी काय?" मग तिने बांगडा उलटला. "वर टाकली म्हणाले?"

"ते म्हणाले. मी भांडले."

"तुम्ही भांडणार, ते म्हाईत हाय मला." गॅस बारीक करून ती माझ्याकडे वळली. "पण काकी, मी जाईन खेडला. पहिली पाळी सुटली की मी मोकळी असतंय. त्यांचं मैदान कंपनीच्या बसच्या वाटेवर हाय. रोज खेळायला मिळेल. इथे येऊन आठवड्याचा एक दिवस खेळतंय मी. जायचा राग नाय आला मला. कोलंबीसारखी वर टाकली, त्याचा आला."

मला वाटत होतं ती रडेल आणि मी तिच्या बाजूने लढेन. माझं सगळं भाषण तयार होतं. तिने मला ताट वाढलं आणि जेवताना, नुसता विषय बदलावा म्हणून, म्हणाली, "आणि ती उंच पोरगी, चौदावाली, ती आमच्याच कंपनीत हाय. तिचा साखरपुडा झालाय. मोसम संपायच्या आधीच लग्न, मग पुण्याला. कुणाजवळ बोलू नका हां. कळलं तर मोसमभर बसवून ठेवतील तिला. जेवढे सामने मिळतील तेवढे खेळायचेत तिला."

तेव्हापासून ते वाक्य मी सांभाळून आहे. सिस्टर, गटात एक ओळ टाकली की सौदा मोडतो. त्यांच्याच नियमाने. त्या रकान्यात तीन वजा होतील, चौदाची अकरा होईल, खेडवाल्यांना बदल्यात आमच्या दोघीजणी द्यायला कोणी तयार होणार नाही, आणि आमची कव्हर आमच्याकडे राहील. नऊ शहाण्यांची तोंडं बघण्यासारखी होतील. मी उपाध्यक्षा आहे, मंडळाची फसगत होत असेल तर सांगणं माझं काम आहे, असं मी स्वतःला रोज सकाळी चहाबरोबर सांगते. ओळ लिहिते. पुसते. ज्या रकान्यावरून मी सगळ्यांच्या देखत भांडले, त्याच रकान्यात दुसऱ्या मुलीचं नाव माझ्या हाताने भरायचं.

आणि इथे तुम्ही आड येता. मला तो अंतिम सामना आठवतो. शेवटची काही मिनिटं आहेत, दोन्ही बाजूंचे गुण सारखे आहेत, त्यांची चढाईवाली आमच्या अंगणात आहे, आणि आमच्या कोपऱ्यातली तिला हळूच म्हणते, "तुझा बाप काल बाजारात पडला होता, उचलला की नाही?" त्या मुलीचा दम तुटला. आम्ही तिला धरली. पंचांनी बोट आमच्याकडे केलं. तुम्ही उठून सरळ मैदानात आलात आणि पंचांना म्हणालात, हा गुण आमचा नाही, त्यांना द्या. पंच बिचारे गोंधळले. तुम्ही हलला नाहीत. गुण त्यांना गेला आणि आम्ही एका गुणाने हरलो. परत येताना टेम्पोत सगळ्या रडत होत्या. तुम्ही म्हणालात, "मुलगी चढाईला आली तर तिला धरा. तिच्या घरात शिरू नका." मी तर तोंड उघडलं नव्हतं, मी फक्त खांदा घातला होता, नियमात घातला होता, आणि ढाल गेली ती माझीही गेली. त्या गोष्टीचा राग मला अजून आहे. तुम्हाला सोपं होतं. हरल्यावर तुम्हाला प्रार्थनेला जायचं होतं. आम्हाला वाडीतून जायचं होतं, पट्ट्यापट्ट्यांच्या विजारीत.

तुमचं उत्तर काय असेल ते मला ठाऊक आहे असं तुम्ही म्हणाल. नाही. त्या सामन्यात एक ढाल होती. इथे तसं नाही. इथे नऊ पुरुष एका मुलीला कोलंबी समजतात आणि दुसरीला चौदा गुणांचा आंबा, आणि मी गप्प बसले तर त्यांचा हिशेब त्यांना बरोबर वाटत राहतो, पुढच्या पावसाळ्यात ते आणखी कोणाचे तरी तीन गुण कापतात. बोलले तर त्या रकान्याला मी माझी सही दिल्यासारखं होतं. माझा आक्षेप मी समितीला लेखी दिला आहे: लग्नाचा रकाना काढा आणि कव्हरची किंमत नव्याने लावा, मग ती कुठेही जावो. अध्यक्षांनी कागद घडी करून खिशात घातला. बघू म्हणाले.

एक गोष्ट त्या कागदात मी लिहिलेली नाही. ती खेडला गेली तर शनिवारी माझ्याकडे जेवायला कोणी नाही. एकटीसाठी मी मासे आणत नाही. इतकंच.

हे पत्र मी टाकणार नाही. टेलिफोनवाल्यांचा पोस्टावर तसाही कधी विश्वास नव्हता. पण अदलाबदलीची मुदत या महिन्याच्या तीस तारखेला संध्याकाळी पाच वाजता संपते, आणि ती ओळ अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे, आज पुसलेली नाही. तेव्हा पाचच्या आत मला तुमचं उत्तर हवं, सिस्टर. सांगू की नको, एवढंच लिहा. मराठीत चालेल. पण लेखी.