चिपची परतीची वाट

२२ सप्टेंबर, लातूर
चिप आली. नखाएवढी, आणि एकच. तिच्यावरच्या, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या नक्षीत पुन्हा लिहिता येणाऱ्या सीडीत असतं तसलं द्रव्य आहे. हळू तापवलं की अणू रांगेत बसतात, परतणारा प्रकाश बदलतो. मग लेझरच्या झटक्याने क्षणभर वितळवून एकदम गार केलं की पुन्हा पहिल्यासारखा. बदलणं जमतं. परत येणं तीन वर्षांत जमलेलं नाही. १० ऑक्टोबरला नांदेडच्या समितीला तेच दाखवायचं, नाहीतर पीएच.डी.ची नोंदणी रद्द. मुदतवाढ संपली.
संकल्प: तोवर भाषण बंद. एकही नाही.

२४ सप्टेंबर
निलंग्याच्या व्याख्यानमालेचं बोलावणं. विषय ‘परिवर्तन’. म्हणजे माझंच संशोधन. हे भाषणात धरता येत नाही.

२५ सप्टेंबर
टाळ्या थांबेनात. शाल मिळाली. लेझर उद्या.

२८ सप्टेंबर
मुखेडला बोललो. नाइलाज. गाडी पाठवली होती. आरती म्हणाली, अहो, त्या चिपलाच ऐकवा की एकदा, बदलती का बघू. बायकोला विज्ञानाचं गांभीर्य नाही.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
चिप तापायला ठेवली. तेवढ्यात प्रयोगशाळेचे शिपाई लिंबाजीमामा हळदकुंकू घेऊन यंत्रं पुजायला आले. यंत्राला कुंकू? दोन मिनिटं बोलावंच लागलं. गॅलिलिओपर्यंत आलो तेव्हा मामा म्हणाले, सर, कायतरी जळून राहिलंय. म्हटलं, ती तुमची उदबत्ती. मामा म्हणाले, उदबत्ती लावूच कुठं दिली तुम्ही.

संध्याकाळी
चिपवरचा थर पापडासारखा फुगलाय. कोपऱ्यात मोहरीएवढी जागा शाबूत. मोहरीएवढी पुष्कळ झाली.

६ ऑक्टोबर
तेवढ्या जागेवर लेझर बसत नाही. टेबल हलतं. हा व्यवस्थेचा दोष. त्यावर लेख लिहायला घेतला.

८ ऑक्टोबर
मार्गदर्शक पंचाक्षरी सरांचा फोन. चिप परत आली का? म्हटलं, येण्याच्या मार्गावर आहे. सर म्हणाले, कोणत्या एसटीनं?

१० ऑक्टोबर, नांदेड
समितीपुढे प्रकाशावर तासभर बोललो. एका मॅडमनी डोळे पुसले. पंचाक्षरी सर म्हणाले, छान. आता दाखवा.
लेझर मारला. परतणाऱ्या प्रकाशाची पडद्यावरची रेघ होती तिथेच. पुन्हा मारला. सर म्हणाले, राहू द्या आता.
नोंदणी रद्द.
निघताना अध्यक्षांनी त्यांच्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनाचं बोलावणं दिलं. म्हणाले, विषय तुमच्या मनाचा.

११ ऑक्टोबर, लातूर
आरतीने चहा पुढे केला. शेजारी बसली. विचारलं, आता काय करायचं हो?
बोलायला तोंड उघडलं. काही आलं नाही.